सायोको फलाटावर काय म्हणाली

बेबी, तुझ्या जाण्याने दौंड तालुक्याच्या सामाजिक, सांस्कृतिक आणि शैक्षणिक क्षेत्रात कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे.

हे वाक्य माझं नाही. तुझ्या दहाव्याला नदीकाठच्या मांडवात ते माइकवरून म्हटलं गेलं. म्हणणाऱ्या पुढाऱ्यांनी माइक हातात घेण्याआधी माझ्या कानाशी वाकून विचारलं होतं, "मयत आपल्या कोण?" मी म्हणालो, "धाकटी बहीण." "नाव?" मी सवयीने म्हणालो, "बेबी." त्यांचा चेहरा पडला. साठी ओलांडलेल्या बाईच्या श्रद्धांजलीत हे नाव बसवायचं कसं, हा प्रश्न त्यांना पडलेला स्पष्ट दिसत होता. "तसं नव्हं सर, कागदावरचं," ते म्हणाले. मग मी शकुंतला सांगितलं.

त्यानंतर बराच वेळ ते शकुंतलाताई नावाच्या कुणा बाईंविषयी बोलले. या बाईंनी महिलांना संघटित केलं होतं, तरुणांना दिशा दिली होती आणि त्यांच्या दारातून कुणी विन्मुख गेलं नव्हतं. मी मान खाली घालून ऐकत होतो. अशी बाई आपल्या ओळखीत असती तर बरं झालं असतं, असंही एकदा वाटून गेलं. तू शेजारी असतीस तर मला कोपराने ढोसून विचारलं असतंस, "दादा, ही कोण रं?"

मग मलाही बोलायला सांगितलं. निवृत्त प्राध्यापक, तोही मराठीचा. माझ्याकडून अपेक्षा होत्या. मी उठलो, समोर बघितलं, आणि सगळ्यांनी चहा घेतल्याशिवाय जाऊ नये एवढं सांगून खाली बसलो. अनेकांना वाटलं मला गहिवरून आलं. तसं नव्हतं. मला बोलायचं होतं, पण जे बोलायचं होतं ते त्या मांडवात कुणाला सांगणार? गेलं वर्षभर तू आणि मी सगळ्यात जास्त बोललो ते दोन जपानी शाळकरी मुलींबद्दल. त्या मुली खऱ्या नाहीत, चितारलेल्या आहेत. आणि त्यातली एक शेवटी दुसरीला काय म्हणाली यावरून आपलं भांडण चालू होतं, ते अर्धवट ठेवून तू गेलीस.

हे सगळं सुरू झालं ते तू बाथरूममध्ये घसरून पाय मोडून घेतलास तेव्हा. रिझर्व्हेशनच्या खिडकीमागे आयुष्य काढलेली तू, प्लास्टर घालून पलंगावर पडलीस. पुण्याहून तुझा अमोल त्याच्या सईला घेऊन आला, दोन दिवस तिने आजीच्या मोबाइलवर कार्टून बघितली आणि गेली. ती गेली तरी मोबाइलला वाटत राहिलं की कार्टून बघणारी मुलगी अजून घरातच आहे. तो तुला एकामागून एक कार्टून सुचवत राहिला. मग एका दुपारी तुझा फोन आला.

"दादा, एक कार्टून लागलंय. पोरींचं हाय. लई जुनं."

"मग बंद कर."

"न्हाई रं. रडायला आलं मला."

मी विचारलं, "पाय दुखतोय का?" माझ्या दृष्टीने रडण्याचं तेवढंच सयुक्तिक कारण होतं. तू फोन ठेवून दिलास.

त्या रविवारी मी शिरूरहून न्हावऱ्यामार्गे दौंडला आलो, तर तू उशीला टेकून बसलेली आणि मोबाइल वरणाच्या वाटीला टेकून उभा केलेला. त्या मालिकेचं नाव आपल्या दोघांनाही कधी नीट उच्चारता आलं नाही, म्हणून इथे लिहीत नाही. तू तिला 'माझ्या पोरी' म्हणायचीस. आपण दोघं चाळिशीत यायच्या कितीतरी आधी कुणीतरी जपानमध्ये, तिथल्या मुलींनी शाळेतून घरी आल्यावर बघावी म्हणून ती बनवली होती. तिथेही ती आता कुणाच्या लक्षात नसावी. रंग विटलेले, आवाज खरखरता. बघणारे किती, तर शिरूरच्या स्टँडवर सकाळच्या पहिल्या गाडीला असतात तेवढे. कुण्या भल्या माणसाने खाली इंग्रजी अक्षरं टाकली होती, त्यातही चुका होत्या. पण लोकांच्या हातची वेडीवाकडी नावं वाचण्यात तुझी नोकरी गेलेली. तुला ती पळती अक्षरं भराभर वाचता यायची, मी चष्मा पुसेपर्यंत तू पुढे गेलेली असायचीस.

मला आधी दिसले ते डोळे. एकेकीचा डोळा बशीएवढा, त्यात दोन-तीन चांदण्या आणि कडेला चंद्राची कोर. नाक म्हणजे नुसता एक ठिपका. कुणी दुखावलं की मागची भिंत नाहीशी व्हायची आणि तिथे फुलं उमलायची. मी हसलो. तू मोबाइलवरची नजर न हलवता म्हणालीस, "तुमच्या कवितेत बाईचे डोळे हरणीचे असत्यात, ते चालतं. हरणीचे डोळे कानाकडं असत्यात, बघितलंयस का कवा?"

दाजी दारात उभे होते. ते म्हणाले, "ह्या पोरींना आपल्या वॉर्डात आणा. येवढं पाणी डोळ्यातनं काढत्यात, टँकर तरी बंद व्हईल."

तू दोघांनाही गप्प बसवलंस आणि भाग पुढे चालू केलास.

गोष्ट साधी होती. समुद्राकाठचं छोटं गाव. तिथल्या बड्या घरच्या मुलींच्या शाळेत मासे विकणाऱ्या विधवेची मुलगी येते, मिनोरी. गाते चांगली. शाळेच्या गायनवृंदाची प्रमुख सायोको. उंच, ताठ, श्रीमंताघरची, कधी हसत नाही. ती मिनोरीला सगळ्यांदेखत टाकून बोलते, एकेक ओळ पुन्हा पुन्हा गायला लावते. मिनोरी प्रत्येक भागात रडते. सायोको खिडकीबाहेर बघते. हे असं किती भाग चालतं विचारू नकोस. तुला माहीत आहे.

पहिल्या दिवशी मी वर्तमानपत्र पुढे धरून बसलो होतो. तू म्हणालीस, "पान उलट की. मघापासनं तेच धरलंयस."

आपल्या लहानपणी मुलींसाठी म्हणून काही नव्हतंच, नाही का. शिरूरच्या वाचनालयातून मी पुस्तकं आणायचो ती कुमारांसाठीची. त्यात मुलं गुहेत जायची, चोर पकडायची, जहाजातून पळून जायची. मुलगी असलीच तर ती डबा घेऊन यायची आणि डबा ठेवून जायची. तू माझ्यानंतर ती सगळी वाचायचीस. त्या डबेवाल्या मुलीचं पुढे काय झालं असं मला विचारायचीस आणि मला ते ठाऊक नसायचं, कारण लेखकालाही ठाऊक नव्हतं. हे सगळं मी विसरलो होतो. तू नव्हतीस. पाचव्या की सहाव्या भागानंतर तू मोबाइल पालथा ठेवलास आणि म्हणालीस, "दादा, हे माझ्यासाठी केल्यालं हाय. पार्सल ऑफिसात पडून ऱ्हायलं आन् आत्ता पोचलं."

मी त्यावर काहीतरी शहाणपणाचं बोललो असणार. आठवत नाही, आणि आठवत नाही हे बरंच आहे.

त्या भागांखाली लोक आपापलं मत लिहायचे. लोक म्हणजे मोजकेच. एक ब्राझीलची बाई होती, एक फिलिपिन्सची. एक दिवस तूही लिहिलंस: 'नाइस स्टोरी. फ्रॉम दौंड.' ब्राझीलच्या बाईने त्यावर लाल बदाम टाकला. तू त्याचा फोटो काढून मला पाठवलास आणि लगेच फोन करून तो पोचला का विचारलंस. रेल्वेने तुला निरोपाला शाल-श्रीफळ दिलं तेव्हाही तू एवढी खूष नव्हतीस.

मग तू सायोकोचं चित्र तुझ्या व्हॉट्सअ‍ॅपला लावलंस. खिडकीतून बाहेर बघणारी सायोको, डोळ्यांत नेहमीच्या चांदण्या. मी म्हणालो, "गोष्ट मिनोरीची आहे, आणि तू हिला कशाला लावतेस?"

"मिनोरीला समदी बघत्यात. हिच्याकडं कुणी बघतच न्हाई."

"ती दुष्ट आहे."

"दुष्ट न्हाई. तिला बोलता येत न्हाई, बास."

इथून आपलं भांडण सुरू झालं. तुझं म्हणणं, सायोकोचा मिनोरीवर सख्ख्या बहिणीसारखा जीव आहे. एका भागात ती घसा बसल्याचं खोटं सांगून स्वतःची गाण्याची जागा मिनोरीला मिळू देते, हा तुझा पुरावा. माझं म्हणणं, घसा खरंच बसला असेल, मालिकेत थंडी आहे. तू माझ्याशी दोन दिवस बोलली नाहीस. तुझं प्लास्टर निघालं, तू काठी घेऊन चालायला लागलीस, मग काठीशिवाय, आणि भांडण चालूच होतं. भाजी निवडताना तू मला फोन करायचीस. दाजी मागून ओरडायचे, "जपान्यांचं झालं आसंल तर वाढा."

आणि मग शेवटचा भाग. त्याला खाली अक्षरंच नव्हती. ज्या भल्या माणसाने इथपर्यंत सगळं इंग्रजीत आणलं होतं, त्याने अगदी शेवटच्या भागाशी येऊन हात टेकले होते. का, ते कळायला मार्ग नव्हता. आजारी पडला असेल, लग्न झालं असेल. ब्राझीलच्या बाईने त्याला विनंती केली होती, तिला उत्तर नव्हतं. आपण तो भाग तसाच जपानीत बघितला. मिनोरीची आई जाते, एवढं कळलं. त्याला भाषा लागली नाही. मिनोरी शहरात कामाला निघते. स्टेशनवर कुणी नाही. ती गाडीत बसते, आणि सायोको पळत येते. आयुष्यात पहिल्यांदा तिचे केस विस्कटलेले. वाऱ्याने ते तोंडावर आलेले. संगीत चढतं, आणि त्यात बाईच्या आवाजात एक वाक्य येतं. मोठंही नाही, छोटंही नाही. ते ऐकून मिनोरी ओंजळीत तोंड लपवते. गाडी हलते. चित्र थांबतं, रंगपेटीतल्या रंगांनी रंगवल्यासारखं होतं, आणि भाग संपतो.

तू म्हणालीस, "परत ये म्हणाली."

मी म्हणालो, "परत येऊ नकोस म्हणाली. इथे तुझं कुणी उरलेलं नाही, परत येऊ नकोस. म्हणून ती तोंड झाकते."

"येड्या, परत ये म्हणाली म्हणून झाकती."

मी म्हणालो, हा आवाज सायोकोचा वाटतही नाही, जाड आहे, नाकातून येतोय. तू म्हणालीस, "रडून आवाज बसल्याला हाय. माणसाचा बसतो." हे मला पटलं. आपण दोघांनी एवढ्या भांडणात ज्यावर एकमत केलं असा तो एकच मुद्दा.

हे किती महिने चाललं! दिवाळीत भाऊबीजेला ओवाळताना तू ताट हातात धरून म्हणालीस, "आधी सांग, ती ये म्हणाली का न्हाई." मी नाही म्हणालो. तरी ओवाळलंस, पण कुंकू नाकापर्यंत आलं होतं.

तुझा शेवटचा निरोप मी अजून ऐकतो. संध्याकाळी आलेला, बोलून पाठवलेला. मागे कुकरची शिट्टी आहे. "दादा, मी आज परत बघितला. ती येच म्हणती. ओठ बघ तिचे." मी तो भाग पुन्हा लावला, बघितला, आणि तुला लिहून कळवलं: 'ओठ दिसत नाहीत. केस आलेत.' ते तू वाचलंस. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. वाटलं, चिडली, उद्या फोन करेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तू चहाचं आधण ठेवलंस आणि ओट्याशीच खाली बसलीस. गॅस दाजींनी बंद केला. अमोलचा फोन आला तेव्हा माझ्या हातात पेपर होता, आणि दौंडपर्यंत गाडीत तो माझ्या हातातच होता, घडीही न मोडलेला.

बहिणीला भावाने जन्मभरात काय काय सांगायचं असतं. मी तुला शेवटचं सांगितलं ते हे: ओठ दिसत नाहीत. केस आलेत.

पुढचं तुला सांगायलाच हवं, कारण ते तुझ्यावाचून कुणाला सांगून उपयोग नाही. तू गेलीस त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावर तुझा फ्लेक्स लागला. तो आपण सांगितला नव्हता. तुमच्या वॉर्डातला बंटी, जो पुढची निवडणूक लढवणार आहे, तो कुणीही गेलं की घरच्यांनी डोळे पुसायच्या आत फ्लेक्स लावतो. खाली त्याच्या नेत्यांचा हात जोडलेला मोठा फोटो, त्याखाली बंटी, त्याखाली बंटीचे मित्र ओळीने, आणि वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याखाली, जास्वंदीच्या छापील हारात, सायोको.

बेबी, खरंच. खिडकीतून बाहेर बघणारी, चांदण्यांच्या डोळ्यांची, माणसाच्या उंचीची सायोको. खाली तुझं नाव: कै. सौ. शकुंतलाताई.

मी अमोलला हाक मारली. तो आला, त्याने बघितलं, आणि आईला न्यायच्या तयारीत असलेला तो मुलगा रस्त्यात उभा राहून बंटीला फोनवर ओरडायला लागला, "अरं ते कार्टून हाय! माझी आई हाय का ती?"

पलीकडून बंटीचा आवाज मलाही ऐकू येत होता. "अमोलदादा, शप्पथ, मला वाटलं काकूंनी त्यो नवीन फिल्टर मारलाय. आता समद्यांचे फोटो तसलेच हायती की. माझ्या आईनं बी मारलाय."

त्याचं काय चुकलं? गेल्या वर्षी निम्म्या दौंडने आपले फोटो मोबाइलला देऊन चितारून घेतले होते. पोलीस पाटलांचेही डोळे मोठे झाले होते. त्याने तुझ्या व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो उचलला आणि दुकानात दिला. बदलून देतो म्हणाला, पण दुकानवाला लग्नाच्या कामात आहे, उद्या दुपारपर्यंत वेळ द्या.

तोवर गल्लीतल्या बायका फ्लेक्सपाशी जमल्या होत्या. पदर डोळ्याला लागले होते.

"हुबेहूब गं बाई. डोळे तर तिचेच."

"तरणेपणीचा हाय. लगीन झालं तवा अशीच दिसायची."

"केस बघ की. कवा बांधून बसायची न्हाई."

तू आयुष्यभर चापून वेणी घातलीस. पण हे मी कुणाला सांगणार होतो? त्या खरंच रडत होत्या. एकीने घरातून आणलेला झेंडूचा हार सायोकोच्या गळ्यात, म्हणजे फ्लेक्सच्या खिळ्याला, अडकवला. अमोल शिडी शोधत होता. तेवढ्यात दाजी बाहेर आले. मला वाटलं, आता हे चिडणार. वर्षभर त्यांनी तुझ्या पोरींची टिंगल केली होती. ते फ्लेक्सखाली उभे राहिले आणि बराच वेळ वर बघत राहिले.

"आप्पा, काढतो मी," अमोल म्हणाला.

"ऱ्हाऊ दे."

"आप्पा, लोक हसत्याल."

"कोण हसतंय? रडत्यात की समदी." मग म्हणाले, "तिनंच लावला व्हता त्यो फोटो. तिला काय बी इचारून व्हत न्हाई आता. ऱ्हाऊ दे."

तो राहिला. दहाव्याला तोच उचलून घाटावर नेला. पुढाऱ्यांनी तुझी पोकळी जाहीर केली आणि वळून सायोकोला पुष्पचक्र वाहिलं, दोन पावलं मागे सरून मान झुकवली. सायोको त्यांच्याकडे न बघता नदीकडे बघत होती. एवढं तुझ्यासारखं त्या दिवसात दुसरं काही घडलं नाही. हसू यावं का रडू, हे ठरवायला तू लागायचीस. मी नुसता उभा होतो.

कावळ्याचं सांगतो. घास ठेवला तेव्हा सगळे हात जोडून तयार होते. अमोलने मनात सईच्या शिक्षणाचं काही जुळवलं असेल, दाजींनी आणखी काही. कावळा अडला असता तर काय म्हणायचं, मीही ठरवून ठेवलं होतं. माझा या गोष्टींवर विश्वास नाही हे तुला माहीत आहे. तरीही ठरवलं होतं. 'बेबी, ती ये म्हणाली,' एवढंच म्हणणार होतो. पण घास ठेवल्या ठेवल्या कावळा आला आणि खाऊन गेला. खिडकीवर कुणाला ताटकळत ठेवलं नाहीस तशीच गेलीस. माझं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं.

चहाच्या वेळी एक मुलगी माझ्या पाया पडली. स्नेहल, माझी जुनी विद्यार्थिनी, पाबळची. आता रांजणगावच्या एका कारखान्यात दुभाषी आहे. मी विसरलो होतो की ती कोणत्या भाषेची. ती सांत्वनाचं काही बोलायच्या ऐवजी फ्लेक्सकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "सर, रागावू नका. ते... ते जपानी जुनं कार्टून आहे ना? मुलींचं?"

दहा दिवसांत हे पहिल्यांदा कुणीतरी बरोबर ओळखलं होतं. मी म्हणालो, "तुला जपानी येतं?"

"तेच काम आहे सर माझं."

तिला मी सगळं सांगितलं नाही. एक वाक्य आहे, ते ऐकून अर्थ सांगशील का, एवढंच विचारलं. ती म्हणाली, सुट्टीच्या दिवशी शिरूरला येते.

ती यायच्या आधीचे दिवस मी कसे काढले हे सांगण्यासारखं नाही. आयुष्यभर वाद घातले; कवितेवर, अनुदानावर, कुलगुरूंवर. प्रत्येक वेळी जिंकायचं होतं. या वेळी मला हरायचं होतं. ती 'परत ये' म्हणालेली असावी, बास. मग ते मी तुझ्या फोटोसमोर, खऱ्या फोटोसमोर, वेणी घातलेल्या, जाऊन सांगणार होतो. त्याने काय झालं असतं? काहीच नाही. तू ऐकणार नव्हतीस. हे मला कळत होतं, आणि कळूनही मी रस्त्याकडे डोळे लावून बसलो होतो, म्हातारा माणूस, मोबाइल पूर्ण चार्ज करून.

स्नेहल आली. तिने आधी पाणी घेतलं, मग चौकशी केली. मी तिला विचारलं, "कंपनीत तुम्ही लोक सगळं जसंच्या तसं सांगता का?"

ती हसली. "कसलं सर! साहेब कामगारांना काय काय बोलतात. तसंच सांगितलं तर उद्या गेट बंद. मी गाळून सांगते."

"इथे गाळू नकोस."

तिचं हसू गेलं. मग मी तिला सांगितलं. तुझं म्हणणं काय होतं, माझं काय, भाऊबीजेचं, आणि शेवटच्या निरोपाचंही. ती ऐकून घेत होती. मी मोबाइल तांब्याला टेकून उभा केला, वरणाच्या वाटीऐवजी. शेवटची काही मिनिटं लावली. मिनोरी गाडीत बसली. सायोको पळत आली. केस तोंडावर आले, संगीत चढलं. तो आवाज आला, जाड, नाकातून. मिनोरीने तोंड झाकलं. स्नेहलच्याही डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, बेबी जिंकली. माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं, खरंच.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

तिने चित्र मागे नेलं. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे नेलं, मोबाइल कानाशी धरला. मग तो खाली ठेवला आणि माझ्याकडे बघायचं टाळत पदराशी, म्हणजे ओढणीशी, चाळा करायला लागली.

"सर, तुम्ही म्हणालात गाळू नकोस."

"हो."

"सायोको काहीच म्हणत नाहीये, सर. ती बोलतच नाही."

"मग हा आवाज?"

"तो स्टेशनवरच्या अनाउन्समेंटचा आहे."

मी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "अनाउन्समेंट काय आहे?"

तिने पुन्हा एकदा ऐकलं, आणि कारखान्यात सांगत असेल तशी, एकही शब्द न गाळता सांगितलं: "गाडी सुटत आहे, प्रवाशांनी कृपया पांढऱ्या रेषेच्या मागे उभे राहावे."